विषमज्वर आणि त्याची लस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विषमज्वर, ज्यास आपल्या घरांतून मुदतीचा ताप म्हणत, त्याविषयी बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. शाळेत शरीरशास्त्राचे चार धडे शिकविले, इतकाच आमचा अधिकार.

या रोगाचे जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातात व तेथून रक्तात शिरतात. त्यांच्या अंगावर शर्करेचे एक आवरण असते. त्याच्या आडोशाने ते शरीराच्या रक्षकांची नजर चुकवितात. एका जुन्या लशीत केवळ हे आवरणच असे. परंतु दोन वर्षांखालील बालकाचे शरीर नुसत्या शर्करेची नीटशी दखल घेत नाही, मग आठवण कोठून ठेवणार? यावर शास्त्रज्ञांनी मोठी मौजेची युक्ती योजिली. त्या शर्करेस त्यांनी धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाची जोड दिली. वर्गातील अबोल मुलगा दंगेखोर मित्राबरोबर आला, की तोही गुरुजींच्या ध्यानात राहतो, तसेच हे! मग रक्तातील पांढऱ्या पेशी प्रतिद्रव्ये निर्माण करतात आणि त्यांतील काही ती ओळख जपून ठेवितात. पुढे खरे जंतू आले, तर तयारीस विलंब लागत नाही. या लशीत जिवंत जंतू मुळीच नसतात. सबब तिच्यामुळे विषमज्वर जडेल ही भीती व्यर्थ आहे.

ही संयुक्त लस हैदराबादेत तयार झाली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा लशींची शिफारस केली, आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टात आपल्या नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांस ती टोचली. सार्वजनिक मोहिमेत ही लस देणारे भारतातील हे पहिलेच शहर. पहिल्या टप्प्यात १,१३,००० हून अधिक मुलांस, म्हणजे शेकडा सुमारे ७१ जणांस, ती मिळाली.

उरलेल्यांचे काय? ‘आमच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे,’ असे पालक सांगतात. यंत्र भिंतीवर असते; मूल पाणीपुरीच्या गाडीपाशी! शिवाय हे जंतू आता कित्येक जुन्या औषधांना दाद देत नाहीत. ज्यांचे टोचणे राहिले, त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे ही लस मिळते. मंडळाने घरोघरी मुलांची लसीकरणाची कार्डे पाहून यादी करावी, अशी आमची सूचना आहे. मात्र पॅराटायफॉईडवर ही लस चालत नाही. तेव्हा हात धुणे व पाणी उकळणे सोडता येणार नाही.