नांगर ठेवला, पाहुणे आले

आज शेताची गोष्ट सांगायला आम्हांला उभे केले आहे. आमचा सारा जन्म शाळेत गेला. खडू सुटला तेव्हा कुठे कुदळ हाती घेतली. तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

खुलताबाद तालुक्यात आमची घरची चार एकर जमीन आहे. हलकी आणि उताराची. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. मोठी माणसे बांधबंदिस्तीच्या कामावर जात, आम्हांला सुकडी मिळे. ते बांध पुढे फुटले. कुणी पुन्हा घातले नाहीत. दर उन्हाळ्यात नांगरट करायची आणि दर पावसाळ्यात माती नाल्यात जाताना बघायची! दोन वर्षे कापसाने दगा दिला. तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "दादा, विकून टाकू. प्लॉटवाले भाव बरा देतात." त्यांचे काही खोटे नव्हते.

त्याच सुमारास आम्ही नेरळला गेलो. हे गाव रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. हे गृहस्थ अमेरिकेत शिकले आणि परत येऊन घरच्या शेतीत उतरले. शहरातली माणसे त्यांनी शेतावर मुक्कामाला आणली. पोरे तिथे म्हशीवर बसतात, तळ्यात मासे धरतात. दुसरे म्हणजे, त्यांनी भाताची नांगरणी, चिखलणी, लावणी बंद केली. याला सगुणा तंत्र म्हणतात. गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा मोडायचे नाहीत. वाफ्यावर बी टोकायचे. पीक निघाले की धसकटे उपटायची नाहीत. रोप जमिनीलगत कापायचे, मुळ्या आत ठेवायच्या. त्या कुजल्या की मातीत बारीक बारीक नळ्या होतात. त्यांतून पाणी मुरते, हवा खेळते. गांडुळांनाही खायला मिळते.

कोकणचा पाऊस कुठे नि आपला कुठे, असे मनात आलेच. पण हे तंत्र मराठवाड्यातही आले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून कापूस, मका अशा पिकांसाठी त्याचा प्रसार झाला.

घरी येऊन आम्ही बंधूंकडे एक एकर मागितले. "मास्तरांनी नांगर माळ्यावर टाकला," असे पारावर लोक हसले. पहिल्या वर्षी तण फार झाले. कापूसही कमी आला, हे लपवीत नाही. त्या पद्धतीत तणनाशक सांगतात. त्यावर आमच्या घरात अजून दोन मते आहेत. आम्ही तण कापून तिथेच पसरतो.

तिसऱ्या पावसाळ्यात मोठी सर आली. बंधूंच्या वावरातून पाणी निघाले ते चहासारखे. आमच्या एकरातून उशिरा निघाले, थोडेच आणि निवळ. बंधू बांधावर भिजत उभे होते. बोलले काही नाहीत.

आता पाहुण्यांचे सांगतो. वेरूळची लेणी आम्हांला जवळ. हुरड्याच्या दिवसांत शहरातली एक शाळा मुक्कामाला आली. तीस पोरे होती. हौसेने वाफ्यांवरून धावली, पसरलेला काडीकचरा शेकोटीत घातला. वर्षभर जपलेली माती एका रात्रीत दडपली गेली! चूक आमची. पोरांना आधी सांगितलेच नव्हते. आता तंबू कडेच्या मुरमाड तुकड्यावरच लागतात. वाफ्यांभोवती दोरी असते. संडास बांधला, मगच दुसरा गट घेतला. वीसच्या वर माणसे घेत नाही.

सूनबाई एकदा स्पष्टच म्हणाल्या, "मामा, पाहुणे तुमचे नि भाकऱ्या मी थापायच्या?" त्या दिवसापासून दर ताटामागे पैसे त्यांच्या खात्यात जातात. पिठल्याला किती आणि ठेच्याला किती, तो हिशेब त्याच लिहितात. आमच्यापेक्षा नीट लिहितात!

प्लॉटवाला अजून महिन्याकाठी फेरी मारतो. बंधू त्याला चहा देतात. यंदा त्यांनी आम्हांला आणखी एक एकर दिले आहे. उरलेल्या दोन एकरांत त्यांचा नांगर चालूच आहे.