बेरीज नकाशावर, वजाबाकी अंगावर



'सदिश राशींची बेरीज-वजाबाकी' असा विषय छापूनही सभागृह भरले, याचे श्रेय मी घेत नाही. उद्या गाणे आहे, आणि आदल्या स्टेशनावरच जागा धरायची सवय आपल्याला लोकलने लावलेली आहे.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात हा धडा अगदी सुरुवातीला येतो. मुले बाण काढतात, कोसाइनचे सूत्र घोकतात आणि पुढे सरकतात. वास्तविक ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मुलाला हा धडा पुस्तकाआधी कळायला हवा. तो रोज त्यातूनच प्रवास करतो.

बेरजेपासून सुरू करू. मुंबईहून रेल्वेने ठाणे 34 किलोमीटर, कल्याण 54. म्हणजे मधले अंतर 20. आता नकाशा घ्या. ठाण्याहून दिवा जवळजवळ सरळ पूर्वेला, 7 किलोमीटर. दिव्यापासून रूळ ईशान्येकडे झुकतात. तिथून कल्याण सुमारे 9 किलोमीटर पूर्वेला आणि 5 उत्तरेला. पहिल्या बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडा. पूर्वेचे पूर्वेत मिळवा, उत्तरेचे उत्तरेत: 16 आणि 5. वर्गांची बेरीज करून मूळ काढले की 17 किलोमीटर येतात. रूळ 20 म्हणतात, बाण 17 म्हणतो, दोघेही खरे. चाललेली वाट अदिश, विस्थापन सदिश.

1854 साली रेल्वे कल्याणला पोचली ती पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेकडेने. 1916 मध्ये सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि पुढे वर्षानुवर्षे फास्ट गाड्या त्यातून गेल्या, स्लो गाड्या कळवा-मुंब्र्यावरून. वाटा दोन, वेळा दोन, विस्थापन मात्र तेच. बोगद्याने बाणात काही फरक केला नाही, आपली मिनिटे तेवढी वाचवली.

बेरजेचा हा नियम न्यूटनने 1687 सालच्या 'प्रिन्सिपिया'त गतीच्या नियमांपाठोपाठ पहिलाच उपसिद्धान्त म्हणून दिला. बेरीज कागदावर चटकन दिसते. मला आज बोलायचे आहे वजाबाकीबद्दल, कारण ती अंगावर येते.

वजा करायचे म्हणजे बाण उलटा फिरवून मिळवायचा, एवढेच. शेजारच्या रुळावरची गाडी आपल्याच दिशेने ताशी 70 किलोमीटरने चालली आहे आणि आपली 60 ने. सत्तरातून साठ गेले, उरले दहा. म्हणून तिच्या खिडकीतला माणूस आपल्यापुढून रेंगाळत जातो. त्याच्या हातातल्या पेपरचा मथळा वाचून होतो. तीच गाडी समोरून 60 ने आली तर तिचा बाण उलटा, आपला वजा करताना पुन्हा उलटा, उत्तर 120. पेपर सोडा, माणूसही दिसत नाही, नुसता वाऱ्याचा फटका बसतो.

आता वळण. गाडीचा काटा 60 वर स्थिर आहे, आणि गाडी 30 अंशांत वळली. काही बदलले का? चाल नाही बदलली, वेग बदलला. जुना आणि नवा बाण एकाच बिंदूतून काढा आणि जुन्याच्या टोकापासून नव्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा. ती ताशी 31 किलोमीटर भरते आणि तिचा रोख वळणाच्या आतल्या बाजूला असतो. गाडीला हा बदल रूळ देतात. त्यासाठीच बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात. प्रवाशाला तो कोणी द्यायचा? बसलेल्याला बाक देतो, उभ्याला हँडल आणि तळवे. दारात लटकलेल्याला फक्त त्याची मूठ.

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींसमोरून जाताना दारातली माणसे खाली पडली. किमान चार जण गेले. चौकशी हा माझा प्रांत नाही, पण गणित सांगतो. समजा वळणाची त्रिज्या 400 मीटर, चाल ताशी 60. साठ किलोच्या माणसाला वळवायला सुमारे 42 न्यूटन बल लागते, म्हणजे चार-सव्वाचार किलोचे ओझे. भाजीच्या पिशवीएवढे! एवढ्याने कोणी पडत नाही.

पण डब्यात तो एकटा नसतो. सरळ रुळावर गर्दीचे धक्के चारी दिशांचे असतात. बाण मिळवले तर बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आपण चेंगरूनही जागच्या जागी उभे असतो. वळणावर मात्र ज्यांना धरायला काही नाही, ते सगळे एकाच वेळी बाहेरच्या अंगाला झुकतात. सारे बाण एका रेषेत. दारामागे असे दहाजण धरा, निम्मा भार त्यांच्या पायांनी पेलला असेही माना. तरी दारातल्या माणसाच्या पाठीवर वीस किलोंचा रेटा येतो, स्वतःचे चार वेगळे. आतल्या बाजूच्या रुळावरची गाडी असेल, तर तिचे बाहेरचे दार समोरून येणाऱ्या गाडीच्याच बाजूला उघडते, आणि तिकडून वजाबाकीचे उत्तर 120 येत असते.

त्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. दार बंद असले तरी वीस किलो कमी होत नाहीत. ते पत्र्यावर जातात, आणि पत्रा तेवढाच उलटा बाण परत देतो.