साधें पडसें आणि रक्ताचा आजार

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या सोनाळा गावीं हिवाळ्यांत मुलांस पडसें येतें आणि चार दिवसांत तें विसरलेंही जातें. परंतु ज्या घरीं रक्ताच्या कर्करोगानें पीडित बालक आहे, तेथें हेंच पडसें जिवावर बेतूं शकतें.

या रोगास व्हिर्खो या जर्मन पंडितानें १८४७ सालीं ‘पांढरें रक्त’ अशा अर्थाचें नांव दिलें. रक्तांत पांढऱ्या पेशी उदंड, पण बहुतेक कच्च्या. म्हणजे शिपाई पुष्कळ, लढणारे थोडे. १९४८ सालीं बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं औषधानें हा रोग कांहीं काळ हटतो असें दाखविलें. तें औषध डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या संशोधकमंडळानें सिद्ध केलें होतें. आज मुंबईच्या टाटा रुग्णालयांत व अन्यत्र दोन-तीन वर्षें उपचार घेऊन पुष्कळ मुलें बरीं होतात.

मात्र हीं औषधें रोगी पेशींबरोबर निरोगी पेशींचाही संहार करतात. अशा वेळीं इन्फ्लुएंझा किंवा तत्सम विषाणु नाकांतून फुप्फुसांत उतरतात, दीर्घ काळ ठाण मांडतात, आणि उपचारांचा क्रम मोडतो. गोंवर तर अंगावर पुरळ न उमटतांही फुप्फुसें ग्रासतो.

म्हणून उपचारांच्या दोन फेऱ्यांमध्यें मूल गावीं परत आलें असतां घरच्यांनीं दक्ष राहावें. हात साबणानें धुवावेत. पडसें झालेल्या भावंडास वेगळें निजवावें. सोनाजी महाराजांच्या यात्रेंतील गर्दीपासून मुलास दूर ठेवावें. घरांतील इतरांनीं इन्फ्लुएंझाची लस घ्यावी. आजारी मुलास मात्र कोणतीही लस वैद्यांस विचारल्यावांचून देऊं नये. जिवंत जंतूंची लस त्यास घातक ठरूं शकते.

ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट पाहूं नये. विषाणूचा ताप कोणता व जंतुदोषाचा कोणता, हें घरीं ओळखतां येत नाहीं. आणि जंतुदोष कांहीं तासांत प्राण घेऊं शकतो. तापाची गोळी देऊन ताप झांकूं नये. आधीं उपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळवावें, उपचारांचे कागद घेऊन निघावें, आणि ज्या रुग्णालयांत रक्ततपासणी व शिरेंतून औषध देण्याची सोय आहे तेथें मूल न्यावें.

शेतकऱ्याच्या घरीं रात्रीं गाडी मिळविणें सोपें नसतें. म्हणूनच कोणाची गाडी, कोणता रस्ता, किती पैसे, हें ताप येण्यापूर्वींच ठरलेलें असावें. शेजाऱ्यानें त्या रात्रीं दिलेली गाडी हीही औषधाइतकीच मोलाची होय.