पाठीचा घसारा आणि घरची वही

(जळकोट, ता. तुळजापूर येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर माझ्या आधीचे वक्ते बोलले आहेत, माझ्यानंतरचेही बोलतील. मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. पाठ आणि घरखर्च.

आधी दोन प्रश्न विचारतो. गेल्या वर्षभरात ज्यांची पाठ किंवा कंबर एकदाही धरली नाही, त्यांनी हात वर करावेत. फार थोडे हात दिसतात. दुसरा प्रश्न. गेल्या वर्षी घरात किती रुपये आले आणि किती गेले, हे वही बघून जे सांगू शकतील त्यांनी हात वर करावेत. हे हात तर त्याहून कमी आहेत. या दोन प्रश्नांचे नाते काय, तेवढेच मला आज सांगायचे आहे.

दोष शेतकऱ्याच्या सवयीचा नाही

एक गोष्ट सुरुवातीलाच स्वच्छ करतो. शेतकरी उधळ्या आहे, लग्नात आणि सणात पैसा घालवतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे सांगणारे शहाणे आपल्याला नेहमी भेटतात. हा आरोप दीडशे वर्षांचा जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग नेमला. लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे त्या आयोगानेसुद्धा लिहून ठेवले. परक्या सरकारला जे दिसले, ते आपल्या साहेबांना अजून दिसत नाही.

१९७२ पासून २००२ पर्यंत या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस आपण दुसऱ्याला विकायचा नाही, असा कायदाच होता. ती गेली, पण निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, आयात ही हत्यारे सरकारच्या हातात राहिली. तेव्हा तोट्याचे मूळ धोरणात आहे, यात मला शंका नाही.

मग वहीचा आग्रह कशाला? कारण आपली चळवळच वहीतून उभी राहिली. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पिकाला लागलेला खर्च मांडायला बसले. खर्च एका बाजूला, हातात आलेली पट्टी दुसऱ्या बाजूला. तोटा कागदावर उतरला तेव्हा आंदोलनाला पाया मिळाला. हिशोब नव्हता तोवर शेतकरी नशिबाला दोष देत होता. हिशोब झाला आणि तो दाम मागू लागला.

तक्त्यात नसलेली रक्कम

कृषी महाविद्यालयात आम्हाला उत्पादन खर्चाचा तक्ता शिकवला जातो. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडीचा खर्च, अवजारांचा घसारा. नांगर झिजतो, त्याची झीज धरतात. पंप झिजतो, त्याची झीज धरतात. घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी निदान कागदावर धरली जाते. पण राबणाऱ्या माणसाच्या पाठीची झीज कुठल्याच रकान्यात नाही.

ही झीज कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास वजन खांद्याला लटकते आणि ते घेऊन ढेकळांतून चालायचे. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, ओझे पुढे आणि अंगही पुढे वाकलेले. रब्बीची ज्वारी आपल्याकडे मुळासकट उपटतात. प्रत्येक ताटाला एक हिसका, आणि तो हिसका कमरेला. मग कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, गाडीत टाकायच्या. यात बायकांच्या वाट्याला जास्त येते, आणि त्या घरी आल्यावर हंडाही उचलतात.

एका माणसाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोच्या वर असू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली सुचवले. मुंबई-पुण्याच्या माथाड्यांनी आणि हमालांनी एकजूट केली, १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. आपण मात्र स्वतःच्याच घरचे क्विंटलचे पोते स्वतःच पाठीवर घेतो आणि त्याचे मोल कोणाकडे मागत नाही.

पाठ धरते म्हणजे काय होते

मी डॉक्टर नाही. पण शेतकऱ्याला जमिनीची माहिती द्यायची आणि शरीराची नाही, हे बरोबर नाही. जाणकारांनी मान्य केलेल्या गोष्टी सांगतो.

रोजच्या कामातल्या शंभर पाठदुख्यांपैकी नव्वदांच्या आसपास अशा असतात की अमुकच मणक्यात, अमुकच जागी बिघाड आहे, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू आणि सांधे दुखावतात, आखडतात. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत पुष्कळ उतरते. पाठ ही काचेची वस्तू नाही. वाकल्याने ती मोडत नाही. सवय नसताना एकदम फार ओझे पडले की ती कुरकुरते.

आता आपल्याकडे एक शब्द फार चालतो, ‘मणक्यात गॅप’. सोलापूरला जाऊन फोटो काढला, एमआरआय केला, गॅप निघाला, आणि माणूस कायमचा खाटेला टेकला. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या तपासण्यांचे आकडे २०१५ साली एकत्र केले गेले. मणक्यामधली चकती फुगलेली विशीतल्या शंभरांपैकी तीस जणांत दिसली, ऐंशी वर्षांच्या शंभरांपैकी चौऱ्याऐंशी जणांत दिसली. यातल्या कोणाचीच पाठ दुखत नव्हती. केस पिकावेत तसा हा प्रकार आहे. फोटोत गॅप दिसला म्हणून दुखणे त्याचेच आहे असे ठरत नाही.

काही खुणा मात्र अंगावर काढायच्या नाहीत. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे: यातले काही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. पाठीबरोबर ताप येतो, वजन घटते, रात्री पडूनही दुखणे थांबत नाही, पूर्वी कर्करोग झाला होता किंवा झाडावरून, गाडीवरून पडलो, तरीही डॉक्टरला दाखवायचे. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात अजून आहे आणि तो औषधाने बरा होतो.

भीतीचा बाजार

दुखण्याबरोबर भीती आली की खिशाला हात लागतो. दोन सुया मारल्या आणि माणूस मोकळा झाला, की तीच सुई दर पंधरा दिवसांनी. तिच्यात स्टिरॉईड असेल तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. दुखणे मारणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. जुनाट कंबरदुखीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शन दिले. त्यात माहिती देणे आणि व्यायाम यांचा पुरस्कार आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे (ट्रॅक्शन) नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पहिला खर्च पट्ट्याचाच होतो.

ही भीती कुठवर नेते, याचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले की पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. मोळ्या उचलून पोट, कंबर दुखते. दुखणे घेऊन खाडा पडला तर दंड. कोणीतरी कर्करोगाची भीती घालतो. शस्त्रक्रियेसाठी उसने काढायचे आणि ते फेडायला मुकादमाकडून पुन्हा उचल घ्यायची. दुखण्याने कर्ज वाढवले आणि कर्जाने पुन्हा ओझे उचलायला लावले. हे चाक बीडपुरते नाही. आपल्या गावातली नावे तुमच्या डोळ्यांपुढे आली असतील.

चाक उलटही फिरते. झोप नसली, घोर असला की तेच दुखणे जास्त जाणवते, हे आता वैद्यकाने मान्य केले आहे. सावकाराचा निरोप आल्याच्या रात्री पाठ जास्त ठणकते, ते सोंग नव्हे.

अंगाला वळण

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. जे आपण बैलाला करतो तेच स्वतःला करा, एवढेच माझे म्हणणे आहे. दोन-तीन महिने गोठ्यात बसलेला बैल आपण पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही, खांदा येतो. माणूस मात्र चैत्र-वैशाख पारावर आणि मोटारसायकलवर काढतो आणि पहिल्या पावसाला एकदम बारा तास राबतो.

म्हणून अक्षय तृतीयेपासून रोज अर्धा तास झपझप चाला. रानात जायचेच आहे तर गाडी घरी ठेवा. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखीतून नुकते बरे झालेल्यांपैकी ज्यांना चालायला लावले, त्यांचे दुखणे उलटायला सरासरी २०८ दिवस लागले. ज्यांना लावले नाही त्यांचे ११२ दिवसांत उलटले. चालायला पैसा पडत नाही. ज्याला जमते त्याने बैठका, सूर्यनमस्कार घालावेत, पाचापासून सुरू करून आठवड्याला थोडे वाढवावेत.

पाठ धरली तर दोन दिवस काम हलके करा, पण खाट धरू नका. घरात, अंगणात फिरत राहा. कामात दर अर्ध्या तासाने बैठक बदला. पोती अर्धी भरा. ओझे अंगाशी धरून उचला आणि दोघांनी उचला. खुरप्याने वाकून करायचे काम जिथे सायकल कोळप्याने उभ्याने होते, तिथे ते कोळपे आणा. एकट्याला परवडत नसेल तर चार घरांत मिळून एक. ओटी कमरेऐवजी खांद्याच्या पट्ट्यांवर घेता येईल अशी शिवा.

पैशाला वळण

पैशाचेही तसेच. रोज निजण्याआधी पाच मिनिटे, शाळेच्या साध्या वहीत तीन रकाने: शेतीचा खर्च, घरखर्च, दवाखाना आणि कार्य. नवरा-बायको दोघांनी बसून लिहायचे. १९८६ साली चांदवडला लाखो बायका जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत जमिनी त्यांच्या नावावर झाल्या. मग वही तिच्यापासून लपवायचे कारण काय?

दुसरे, व्याज बोटावर मोजा. वीस हजार रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याला सहाशे, वर्षाला ७,२००. तेच पीककर्ज सात टक्क्यांनी १,४००, आणि मुदतीत फेडले तर केंद्राची सूट धरून ८००. वर राज्याची पंजाबराव देशमुख सवलत आहेच. नवे-जुने करण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ती चुकली की सूटही बुडाली.

तिसरे, पट्टी हातात आली त्याच दिवशी दहा पोत्यांमागे एका पोत्याचे पैसे आजारपणासाठी बाजूला, बचत गटाच्या खात्यात. शस्त्रक्रिया सांगितली तर शेत गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का ते विचारा.

चौथे, घरचे धान्य घरी पिकवा. भूकंपानंतर याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायकांनी एक एकर स्वतःकडे मागून घेतले आणि त्यात ज्वारी, डाळी, भाजी लावली. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या घराची भाकरी रानातून येते, त्या घराला कापूस पडत्या भावात लगेच विकावा लागत नाही.

हे सगळे केले म्हणून कापसाचा भाव वाढणार नाही. भावासाठी रस्त्यावरच यावे लागेल. पण रस्त्यावर यायला चालणारे पाय आणि ताठ कणा लागतो, आणि साहेबासमोर बोलायला आकडे लागतात. पुढच्या मेळाव्याला प्रत्येक गावातून निदान दहा घरांनी तीन महिन्यांची लिहिलेली वही घेऊन यावे. त्यात एक रकाना जास्त आखा: कामाचे किती दिवस दुखण्याने बुडाले. हे आकडे आपण गावागावांतून गोळा करू आणि उत्पादन खर्चात धरा म्हणून मागू.