तास कोणाचे?



1978 साली हवाईच्या ओआहू बेटावर 15 गडी एका शर्यतीत उतरले. समुद्रात 3.8 किलोमीटर पोहायचे, लगेच 180 किलोमीटर सायकल आणि वर 42 किलोमीटर धावायचे! 12 जण पोचले. याच्या निम्म्या अंतराची शर्यत 2019 साली गोव्यातही झाली. असल्या शर्यतींत हौसेने उतरणारे बहुतेक पोटासाठी नोकरीधंदा करणारेच असतात.

त्यांच्या जिद्दीचे आम्हांस कौतुक आहे. पण आम्ही पडलो संघटनेची माणसे. आम्ही आधी तास मोजतो. सरावाचे पहाटेचे दोन तास येतात कोठून? मालक आपले देत नाही. झोपेतून काढावे, तर कामावर अंग जाब विचारते. मग ते घरातून निघतात. पाणी भरणे, डबे, मुलांची शाळा सारे एकटीवर पडते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली; चुलीपुढच्या बाईला ती अजून मिळायची आहे.

तेव्हा सायकल काढण्यापूर्वी घरात वाटाघाटी व्हाव्यात. तिचेही दोन तास कागदावर मांडावेत. ते ती पोहण्यात घालवील, नाहीतर स्वस्थ झोपून; त्याचा हिशेब तिला कोणी विचारू नये.