उतारवयात पेटी शिकताना



महिला मंडळाच्या आग्रहावरून आज मी पेटीच्या अभ्यासाविषयी बोलणार आहे. मी गायिका नव्हे, वादकही नव्हे. आयुष्य परिचारिकेच्या व्यवसायात गेले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पेटी समोर घेतली, त्याला कारण एकच होते. आपल्या आई-आज्या मुंबईत योसेफाची, अब्राहामाची मराठी कीर्तने गात. त्या पदांचे शब्द जुन्या पुस्तिकांतून शिल्लक आहेत, पण चाली लिहिलेल्या नाहीत. आमच्या घरात त्या माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात आहेत, आणि ताईचे वय आज ८७ आहे.

चाल लिहायची तर स्वरलिपी यावयास हवी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत मी घेतली. ती समजण्यास कठीण नाही. सात शुद्ध स्वर, चार कोमल आणि एक तीव्र मध्यम, असे बारा. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. तालाची सम फुलीने दाखवतात, खाली शून्याने. एवढे पंधरा दिवसांत पाठ झाले. कानाने ऐकलेला स्वर ओळखून कागदावर उतरवणे मात्र एका वर्षातही जमले नाही.

आपल्याला ही गोष्ट नवीन वाटू नये. हुमाशात अक्षरांच्या वर-खाली तआमीम छापलेले असतात. सेफेर तोरात ते नसतात, वाचणारा पाठ करून येतो. शिवाय तीच खूण बगदादी एका चालीत म्हणतो, येमेनी दुसऱ्या. खूण आठवण करून देते, सूर मात्र कोणीतरी गाऊन शिकवावा लागतो.

आता सरावाविषयी. माझे गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर शिकवतात. वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. पहिले तीन महिने मी रोज संध्याकाळी दीड तास बसे, पद पहिल्या ओळीपासून वाजवी, चूक झाली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. गुरुजी एकदा म्हणाले, “मावशी, तुम्ही पहिल्या ओळीचाच सराव करता. तिसरी ओळ बिचारी उपाशी राहते.” मला माझी लाज वाटली. पक्षाघाताच्या रोग्याचा हात फिजिओथेरपिस्ट कसा फिरवून घेतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. जो सांधा अडतो तोच, थोडा वेळ, हळू, आणि दिवसातून अनेकदा. तेव्हापासून मी सकाळी वीस मिनिटे व संध्याकाळी वीस मिनिटे बसते. जिथे अडते तेवढेच चार-पाच स्वर घेते, अर्ध्या लयीत, बोटे तीच ठेवून. बोट चुकीचे पडले तर हात उचलून थांबते, कारण चुकीची हालचालही हात तितक्याच निष्ठेने पाठ करतो. पाच वेळा सलग बिनचूक आले, तरच लय किंचित वाढवायची. भाता ओढणारा डावा हात विसरू नये. त्याचा दाब कमी-जास्त झाला की सूर डगमगतो. शब्बाथला पेटी बंद. रविवारी बसले की पुष्कळदा अडलेली जागा आपोआप सुटलेली असते. विश्रांतीचा हा गुण मला शाळेत कोणी सांगितला नव्हता.

पेटीची मर्यादाही सांगते. तिचे स्वर ठरलेले. दोन स्वरांमधली मींड तिच्यावर निघत नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला मनाई होती. माझ्या बोटांना मात्र व्हायोलिन पेलले नसते.

एक चूक कबूल करायची आहे. योसेफाच्या आख्यानातले एक पद ताई गात होती. पहिल्या ओळीत चढताना शुद्ध निषाद आला, म्हणून मी वहीत ‘बिलावल थाट’ असे लिहूनही टाकले. पुढे उतरताना तिने कोमल निषाद लावला. मी तिला मध्येच थांबवले: “ताई, इथे शुद्ध नी हवा.” ती म्हणाली, “आई असंच म्हणायची.” मी पेटीवर स्वर दाबून दाखवला. ताई गप्प झाली, आणि पुढचे दोन आठवडे तिने एकही पद म्हटले नाही.

गुरुजींनी ध्वनिमुद्रण ऐकले आणि हसले. “मावशी, हा खमाज आहे. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. ताई अगदी बरोबर आहेत.” रोग्याकडे न पाहता केसपेपर वाचणाऱ्या डॉक्टरांवर मी जन्मभर चिडत आले, आणि स्वतः तेच केले. मी ताईकडे जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुझ्या वहीत आता नीट लिही.” मग गायली, पण एकच अंतरा. दुसरा त्या दिवशी आठवला नाही, नंतरही नाही.

आता मी तिला मध्येच थांबवत नाही. आधी पूर्ण गाऊ देते, मुद्रण करते, घरी येऊन लिहिते, दुसऱ्या भेटीत वाजवून दाखवते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहते.

वहीत अकरा पदे झाली आहेत; तिची एक प्रत मशिदीच्या कपाटात ठेवली आहे. योसेफाच्या त्या पदाचा दुसरा अंतरा आपल्यापैकी कोणाच्या आईला, मावशीला, आत्याला येत असेल, तर मला कळवावे. शब्बाथ सोडून कोणत्याही दिवशी पेटी घेऊन मी त्यांच्या घरी येईन.