नाव, गाव, तारीख : आयडा बी. वेल्स आणि आपण

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी सीमाप्रश्नावर थेट बोलणार नाही. मी एका अमेरिकन बाईबद्दल बोलणार आहे. काहींना वाटेल, आपले प्रश्न काय कमी आहेत का? पण थोडं ऐकून घ्या, मग ठरवा.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात हे पुस्तक निघालं तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या हॉली स्प्रिंग्ज या छोट्या गावात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेत जात होती. तिचं नाव आयडा वेल्स. जन्म 16 जुलै 1862, तोही गुलामीतच. बाप सुतार, आई स्वयंपाकीण. गुलामी संपली तशी आई मुलांबरोबर स्वतः शाळेत जाऊन बसायला लागली. का, तर वाचता यायला पाहिजे म्हणून.

1878 मध्ये पीतज्वराची साथ आली. आई, वडील आणि तान्हा भाऊ, तिघंही गेले. आयडा सोळा वर्षांची. नातेवाईक बसले आणि भावंडं कोणी कोणी वाटून घ्यायची ते ठरवायला लागले. ही म्हणाली, घर मोडायचं नाही. शिक्षकाची परीक्षा दिली आणि गावापासून सहा मैलांवरच्या शाळेत नोकरी धरली. शनिवार-रविवारी खेचरावर बसून घरी यायची, धुणं-रांधणं उरकायची आणि परत शाळा. पुढं लहान बहिणींना घेऊन ती मेम्फिस शहरात मावशीकडे गेली.

तिथं रेल्वेचा प्रसंग घडला. आयडाकडे पहिल्या वर्गाचं तिकीट होतं, ती बायकांच्या डब्यात बसली होती. कंडक्टर म्हणाला, ऊठ, तुझी जागा तिकडच्या डब्यात. तो ओढायला लागला तेव्हा तिने त्याच्या हाताला कडाडून चावा घेतला. शेवटी दोन-तीन माणसांनी मिळून तिला बाहेर काढलं. ती कोर्टात गेली. 1884 मध्ये खालच्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल देऊन 500 डॉलर भरपाई ठरवली. 1887 मध्ये टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, वर खर्चही तिच्याच माथी मारला.

आपला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तारखा म्हणजे काय ते सीमाभागातल्या पोरांना सांगायला नको. म्हणून मला विचारावंसं वाटतं, कोर्टात हरल्यावर या बाईने काय केलं? तिने लेखणी चालूच ठेवली. ‘आयोला’ या नावाने ती आधीपासून लिहीत होतीच आणि 1889 मध्ये मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या वर्तमानपत्राची भागीदार झाली. काळ्या मुलांच्या शाळा किती वाईट अवस्थेत आहेत हे छापलं म्हणून 1891 मध्ये तिची मास्तरकी गेली.

मार्च 1892 मध्ये तिचा मित्र टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार यांना जमावाने तुरुंगातून काढून गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा काय? त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं, समोरच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं.

तोपर्यंत तिलाही वाटायचं की जमाव मारतो म्हणजे काहीतरी भयंकर गुन्हा घडला असणार. मॉसला ती ओळखत होती, म्हणून तिला कळलं की हे खोटं आहे. मग तिने एकेक प्रकरण तपासायला घेतलं. कोण मेला? कुठं? कधी? आरोप काय होता? शक्य तिथं ती स्वतः जाऊन लोकांशी बोलली. तिच्या हिशेबात आलेल्या 728 बळींपैकी फक्त एक तृतीयांश लोकांवर बलात्काराचा आरोप तरी होता. सिद्ध होणं लांबच! बाकी कोणी भांडणात, कोणी उलट बोलला म्हणून मारलेले.

मे 1892 मध्ये तिने हे छापलं. ती प्रवासात असताना जमावाने छापखाना फोडला आणि परत आलीस तर जिवंत राहणार नाहीस असा निरोप दिला. ती न्यूयॉर्कला राहिली आणि तिथून लिहीत राहिली. 1893 आणि 1894 मध्ये ब्रिटनला जाऊन गावोगाव भाषणं केली. ब्रिटनच का? दक्षिणेचा कापूस तिकडच्या गिरण्यांत जायचा. घरात कोणी ऐकत नाही तेव्हा ज्याच्याशी घराचा व्यवहार आहे त्याच्या कानावर घालायचं, हे तिचं राजकारण.

1895 मध्ये तिचं ‘रेड रेकॉर्ड’ आलं. त्यातले आकडे तिने गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’मधून घेतले. आपल्या लोकांनी सांगितलेलं ‘भावनेच्या भरात बोलतात’ म्हणून उडवता येतं. त्यांनीच छापलेलं कसं उडवणार?

त्याच वर्षी तिने शिकागोच्या फर्डिनांड बार्नेट या वकिलाशी लग्न केलं. पुढं चार मुलं. तान्हं मूल कडेवर घेऊन ती सभांना जायची. ज्येष्ठ कार्यकर्त्या सुझन अँथनी यांनी तिला बोलून दाखवलं, लग्न झाल्यापासून तुझं कामातलं लक्ष विभागलंय. आपल्याकडच्या मुलींना हे वाक्य नवीन नाही. पण 1909 मध्ये केरो गावात जमावाने एका माणसाला मारलं तेव्हा ती थकून ‘मी नाही जात’ म्हणाली होती. तिला परत उठवलं ते तिच्या थोरल्या मुलाने. तू नाही गेलीस तर कोण जाणार, असं तो म्हणाला. ती गेली, पुरावे मांडले आणि कैद्याला न वाचवणाऱ्या शेरीफला परत नोकरी मिळाली नाही.

आता आपल्याकडे येऊ. एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एका मापाने मोजायचं नाही. तिथं माणसं जिवंत जाळली जात होती. मला घ्यायची आहे ती फक्त तिची पद्धत.

आपल्या ग्रुपवर रोज काय येतं? ‘अमुक गावात मराठी शाळा बंद पाडली, शेअर करा.’ गाव कुठल्या तालुक्यातलं? शाळेचं नाव? तारीख? पटसंख्या किती होती, आदेश कोणी काढला? काहीच नसतं. दोन दिवस राग येतो, तिसऱ्या दिवशी विसर. समोरचा अधिकारी ‘असं काही नाही’ म्हणतो आणि आपल्या हातात कागद नसतो.

राज्यघटनेच्या कलम 350-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडताना राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा वापरता येते, म्हणजे मराठीतही. कलम माहीत असणं ठीक, पण त्याच्या जोडीला नोंद लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, कारवार, आपण जिथले असू तिथली एक शाळा घ्या. गेल्या दहा वर्षांचा पट, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, बस थांब्यावरची पाटी कधी बदलली त्याचा तारखेसह फोटो. माहिती अधिकारात अर्ज टाका. सरकारच्याच कागदातून आकडा काढा. कानडी बोलणारा आपला वर्गमित्र यात आपला शत्रू नाही. त्याच्या गावची सरकारी शाळाही अशीच ओस पडत असेल तर तीही लिहा.

म्हातारपणी आयडाने आत्मचरित्र लिहायला घेतलं, कारण एका तरुण मुलीला तिने काय काम केलं हेच माहीत नव्हतं. 1931 मध्ये ती गेली तेव्हा ते अपुरंच होतं. मुलीने, अल्फ्रेडाने, ते संपादित केलं आणि 1970 मध्ये पुस्तक आलं. 2020 मध्ये पुलित्झरने तिचा मरणोत्तर गौरव केला. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला तो 2022 मध्ये.

आपल्याकडे 1956 पाहिलेली माणसं आता मोजकी उरलीत. त्यांच्या घरी जायला अभ्यासवर्ग संपायची वाट बघू नका. फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू करा आणि आधी नाव, गाव, तारीख विचारा.

जय महाराष्ट्र.